असू दे, लागेल कधीतरी

घट बसायला दहा-बारा दिवस उरले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मुलांचे अभ्यास, सासर-माहेर, न लागणारी झोप असले विषय असतात. पितृपक्ष सुरू झाला की पत्रांतून माळे खाली उतरायला लागतात. गोधड्या धुवायच्या असतात, डबे घासायचे असतात, आणि त्या निमित्तानं वर्षभर दाबून ठेवलेली भांडणंही बाहेर निघतात. यंदा घरातल्या पसाऱ्याबद्दलची चार पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात 27 वर्षं समाजकार्यकर्ती होते. डॉक्टर आत पेशंटशी बोलायचे तेव्हा मी बाहेरच्या बाकावर त्यांच्या घरच्यांशी बोलायचे. पसारा हा विषय मला त्या बाकावर कळला. त्याच्या कितीतरी आधी तो माझ्या आईच्या स्वयंपाकघरात समोर आला होता, पण तिथे मी चुकले. ते पहिल्याच उत्तरात सांगते.

प्रश्न: ताई, आम्ही सांगलीत नदीच्या बाजूला राहतो. 2019 च्या महापुरात आमच्या घरात सात फूट पाणी होतं. सासूबाई आता 74 वर्षांच्या आहेत. पुरानंतर त्यांनी काहीच टाकेनासं केलं. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, लग्नपत्रिका, ओटीतले ब्लाउजपीस, प्रसादाचे द्रोण, घड्याळाचे संपलेले सेल, वर्तमानपत्रं. पलंगावर झोपायला जागा उरली नाही म्हणून त्या खाली सतरंजीवर झोपतात. मागच्या महिन्यात त्या तासगावला लग्नाला गेल्या, तेव्हा मी आणि यांनी छोटा टेम्पो बोलावून खोली रिकामी केली. परत आल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. आता खोलीला आतून कडी लावतात आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्यातून काहीबाही उचलून आणतात. हे म्हणतात, वयाचा हट्ट आहे. मुलीच्या मैत्रिणी घरी येत नाहीत. हे वेड आहे का?

उत्तर: वेड हा शब्द आधी बाजूला ठेवू या. त्या शब्दानं आजवर कुणाचीही खोली रिकामी झालेली नाही.

तुम्ही जे केलंत, तेच मी 1996 साली मिरजेला केलं होतं. आई आठ दिवस जतला मामाकडे गेली होती. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर, फळीखाली, माळ्यावर, पाटाखाली डबेच डबे होते. डालड्याचे, बिस्किटांचे, झाकण हरवलेले, बूड गंजलेले. सुतळीचे गुंडे, जुनी कॅलेंडरं, गिरणीच्या पिशव्या. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं 85 रुपये दिले. फळ्या पुसून मी नवे कागद घातले आणि आई खूश होईल म्हणून वाट बघत बसले.

आई आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. मग आत जाऊन तिनं रिकाम्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यातल्या एका डब्यात घेवड्याचं बी होतं गं. आईनं दिलेलं." तिची आई, म्हणजे माझी आजी, तेव्हा जाऊन एकवीस वर्षं झाली होती. ते बी आई दर पावसाळ्यात परसात लावायची, शेंगा वाळवून पुन्हा डब्यात भरायची. मला ते ठाऊक होतं. कुठल्या डब्यात, ते ठाऊक नव्हतं, आणि मी झाकणं उघडून बघितली नव्हती.

वर्षभरात फळ्या पुन्हा भरल्या. पूर्वीपेक्षा जास्त. आणि त्यानंतर आई कुठेही जाताना स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली बरोबर न्यायची. माझ्यापासून. तुमच्या सासूबाई आतून कडी लावतात हे वाचलं आणि मला ते कुलूप आठवलं.

आता जरा माहितीचं सांगते. वस्तू साठवत जाणं आणि टाकताना जिवाची तगमग होणं याला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात, मराठीत साठवणुकीचा विकार म्हणू या. फार वर्षं त्याला मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचाच, एक प्रकार समजत. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो वेगळा नोंदवला आहे. वेगवेगळ्या पाहण्यांमधून दिसतं की शंभरात दोन-तीन माणसांना तो असतो. म्हणजे तुमच्या गल्लीत तुमचं घर एकटं नसणार.

2012 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. या विकाराच्या लोकांना मेंदूच्या तपासणी यंत्रात ठेवून त्यांच्या घरी आलेले कागद दाखवले, आणि हा ठेवायचा की फाडायचा ते ठरवायला सांगितलं. स्वतःचा कागद समोर आला की मेंदूचे ठरावीक भाग नको तितके पेटून उठत. दुसऱ्याचा कागद असला की तेच भाग गप्प असत. म्हणून तुमच्या सासूबाई शेजारणीला "अगं, कशाला ठेवलंस हे, टाकून दे" असं सहज सांगतील आणि स्वतःची दुधाची पिशवी सुटणार नाही. तो हट्ट नाही. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. त्यांना ते टाळता येत नाही, इतकाच फरक.

माझी आई 1972 च्या दुष्काळात जत भागात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली होती. सुकडी खाऊन दिवस काढले. त्यामुळेच ती डबे साठवते, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगायचे. आता तसं ठामपणे सांगत नाही. गरिबी पाहिलेला माणूस साठवतोच, हा धागा संशोधनात ठळक सापडलेला नाही. आघात, आणि जवळचं काही अचानक हातचं जाणं, हा धागा मात्र पुन्हा पुन्हा सापडतो.

तिथून तुमच्या पुराकडे येते. पाणी ओसरल्यावर आमचा एक गट सांगलीत आला होता. एका वाड्याच्या दारात एक आजी स्टुलावर बसून लग्नाचा अल्बम धूत होत्या. बादलीतल्या पाण्यात एकेक पान बुडवायच्या, बोटानं चिखल सारायच्या. चिखलाबरोबर फोटोतला रंगही सुटत होता. चेहरे जात होते आणि त्या पुसतच होत्या. सुनेनं अल्बम हातातून काढून घेतला तर त्यांनी तो परत ओढून घेतला. पंचनाम्यात फ्रीज, गाद्या, भांडी लिहितात. अल्बमला रकाना नसतो. तुमच्या सासूबाईंचं पुरात काय काय गेलं, हे एकदा तरी बसून त्यांना कुणी विचारलंय का? विचारा. उत्तर द्यायला त्यांना एक अख्खी दुपार लागेल. तेवढी द्या.

पण त्याआधी माफी मागा. दोघांनी. "तुम्हाला न विचारता तुमच्या वस्तूंना हात लावला, चुकलं. पुन्हा करणार नाही," एवढंच. "पण तुम्हीसुद्धा किती साठवलं होतं" हे पुढे जोडू नका. माफी मागितल्याशिवाय कडी निघणार नाही, आणि कडी निघाल्याशिवाय काहीच होणार नाही. रात्री त्या आत पडल्या तर दार तोडावं लागेल.

मग खोली स्वच्छ करायच्या मागे न लागता खोली सुरक्षित करायच्या मागे लागा. पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून संडास-बाथरूमपर्यंत हात पसरून चालता येईल एवढी वाट, आणि देव्हाऱ्याच्या दिव्यापासून कागद लांब. त्यांच्याकडून पहिल्या महिन्यात एवढंच मागा. या वयात खुब्याचं हाड मोडलं की पसाऱ्याचा प्रश्न मागेच पडतो.

वस्तू निवडायला बसाल तेव्हा लग्नपत्रिकांपासून सुरुवात करू नका. माणसं जोडलेल्या वस्तू शेवटी. दुधाच्या पिशव्या घ्या. "टाकू का?" असं विचारलं की उत्तर "नको" असंच येतं, म्हणून प्रश्न उलटा करा. "यातल्या चांगल्या वीस कुठल्या, त्या बाजूला काढू या." वीस निवडल्यावर उरलेल्यांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. पिशवी त्यांच्या हातानंच बाहेर गेली पाहिजे. अर्धा तास पुरे. एक दिवस चार पिशव्या निघतील, एक दिवस एकही नाही.

आणि डॉक्टरांकडे न्या, हे मी आग्रहानं सांगते. हा विकार बहुतेकांत दहा-पंधराव्या वर्षी हळूच सुरू होतो आणि वयाबरोबर वाढतो. तुमच्या पत्रात तो 67-68 व्या वर्षी सुरू झाल्यासारखा दिसतो. पूर्वीही त्या साठवत होत्या का, हे त्यांच्या बहिणीला किंवा जावेला विचारा. खरोखरच पूर्वी काही नव्हतं असं निघालं, तर उदासीनता आहे का, स्मृती उतरते आहे का, हे तपासायलाच हवं. कचऱ्यातून उचलून आणणं नवीन असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. "तुमच्या पसाऱ्यासाठी चला" म्हणालात तर त्या येणार नाहीत. झोपेसाठी, गुडघ्यासाठी, अशक्तपणासाठी चला म्हणा, ते खोटंही नाही. त्या आधी तुम्हालाच कुणाशी बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मुलीला या सगळ्यात गप्प ठेवू नका. आजीला एक त्रास आहे आणि आपण त्यावर काम करतोय, हे वाक्य तिला मैत्रिणींसमोर म्हणता आलं पाहिजे.

प्रश्न: ताई, मी 34 वर्षांची, पुण्यात बाणेरला राहते, आयटीत आहे. मुलं सहा आणि तीन वर्षांची. ऑफिसमध्ये माझं टेबल लख्ख असतं. घराचं दार उघडलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, डायनिंग टेबलवर कुरिअरचे खोके, वाढदिवसांची रिटर्न गिफ्ट्स, सिरपच्या बाटल्या, शाळेची पत्रकं, चार्जर. नवरा चांगला आहे, पण तो कपडे सरकवून त्याच सोफ्यावर मॅच बघू शकतो. आई म्हणते, तुला वळण नाही. मी आळशी आहे का?

उत्तर: नाहीस. आणि तू नवऱ्याबद्दल जे लिहिलं आहेस त्यावर एक अभ्यासही झालेला आहे. लॉस एंजलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघंही नोकरी करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या जोडप्यांना हातात कॅमेरा देऊन स्वतःचं घर दाखवत फिरायला सांगितलं, आणि ते काय बोलतात ते नोंदवलं. तेव्हाच दिवसातून अनेकदा त्यांची लाळ घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. ते सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. ज्या बायका घर दाखवताना "पसारा", "राहिलंय", "करायचंय" असं जास्त बोलल्या, त्यांच्यात ते नीट उतरत नव्हतं आणि दिवस कलेल तसं मनही खाली जात होतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तेवढा दिसला नाही. हा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. यावरून पसाऱ्यामुळेच ताण येतो असं सिद्ध होत नाही, कारण थकलेल्या माणसाला पसारा जास्त दिसतो हेही खरं असू शकतं. पण छातीवरचं ते ओझं तू मनानं रचलेलं नाहीस, एवढं नक्की.

(याच विद्यापीठाच्या गटानं 32 घरांची बारकाईनं नोंद केली होती. चारातल्या तीन घरांच्या गॅरेजमध्ये सामानामुळे गाडी शिरत नव्हती. आपल्याकडे त्या जागी सुकवायची बाल्कनी असते.)

आता तुझं टेबल बघू. खोका परत पाठवायचा आहे, त्याची मुदत परवापर्यंत. निळं सिरप, उघडून किती दिवस झाले? शाळेच्या पत्रकावर सही हवी आणि सोबत दोनशे रुपये. रिटर्न गिफ्टमधला पेन्सिल बॉक्स धाकट्याला दिला तर थोरली रडणार. हे सगळं मी पत्र वाचून अंदाजानं लिहिते आहे, पण तुला यातली प्रत्येक गोष्ट पाठ असणार. तुझ्या नवऱ्याला तिथे एक खोका आणि एक बाटली दिसते. तुला मुदत, तारीख, सही आणि रडणं दिसतं. ऑफिसातलं टेबल लख्ख राहतं, कारण तिथे कुणाचं काम कुणाकडे ते ठरलेलं आहे.

म्हणून "जरा आवरायला मदत कर" असं त्याला सांगू नकोस. मदत म्हटलं की मालकी तुझीच राहते. एक अख्खा विभाग त्याच्या नावावर कर, डोक्यातल्या हिशेबासकट. समजा, घरात येणारा प्रत्येक खोका. मागवणं, उघडणं, परत पाठवणं, पुठ्ठा रद्दीला देणं, सगळं त्याचं. किंवा धुतलेले कपडे दोरीवरून कपाटापर्यंत. पहिले तीन आठवडे तो चुकेल आणि तुझा हात शिवशिवेल. लावू नकोस. धाकट्याचा टीशर्ट थोरलीच्या खणात गेला तर जाऊ दे.

तुझ्यासाठी एकच पृष्ठभाग निवड. डायनिंग टेबलच निवड, कारण तिथे चौघं बसता. रात्रीच्या जेवणाआधी ते मोकळं, बाकी घर कसंही असो. सामान शेजारच्या खुर्चीवर गेलं तरी चालेल. खेळण्यांपैकी निम्मी एका पेटीत घालून माळ्यावर टाक आणि दीड महिन्यानं अदलाबदल कर. जुनं बाहेर काढायला पुण्यात सोय आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुने कपडे आणि बिघडलेली उपकरणंही नेते. तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचार. आणि बोहारीण अजून येत असेल तर तिला दारात बसव. तिच्याशी घासाघीस करताना मुलांना जे शिकायला मिळतं ते कुठल्या पुस्तकात नाही.

आईच्या वळणाबद्दल. तुझ्या आईच्या घरी कुरिअर येत नव्हतं, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट नव्हती, चार्जर नव्हते. आणि बहुधा घरात दिवसभर एक तरी बाई होती. तिला हे उलट उत्तर म्हणून ऐकवू नकोस. दिवाळीला ती आली की निवांत विचार, "आई, तू दुपारी दोन ते चार काय करायचीस?" ऐकण्यासारखं असेल.

एक गोष्ट मात्र स्वतःला विचार. धाकट्याच्या जन्मानंतरच हे सुरू झालं का? झोप मिळूनही थकवा जात नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, उगाच रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर टेबल राहू दे आणि आधी डॉक्टर गाठ.

प्रश्न: नाशिकहून. घरात अडगळ असेल तर लक्ष्मी टिकत नाही आणि घरातल्यांची डोकी फिरतात, असं एका वास्तू सल्लागारानं सांगितलं. ईशान्य कोपऱ्यातल्या माळ्यासाठी तो 11 हजार रुपये मागतो आहे. द्यावेत का?

उत्तर: देऊ नका. माळा तुम्ही आणि तुमचा मुलगा एका रविवारी उतरवू शकता.

आपल्या आज्या-पणज्यांनी झाडलोट सणांना बांधून ठेवली, त्यात मला मोठं शहाणपण दिसतं. घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचं, लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहायचं, काही घरांत उत्तररात्री सूप वाजवत अलक्ष्मीला दाराबाहेर घालवायचं. तारीख ठरलेली, सगळं गाव त्याच कामात, म्हणून एकट्या बाईवर ओझं नाही आणि "नंतर बघू" ही पळवाट नाही. ते जरूर पाळा. पण घरात कुणाचं डोकं खरंच दुखत असेल, मन ठिकाणावर नसेल, तर त्याचं खापर माळ्यावर फोडू नका. तुमच्या पत्रात "घरातल्यांची" असं मोघम लिहिलं आहे. नेमकं कुणाचं, ते लिहून पुन्हा पाठवा. मी वाट बघते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय 71. रत्नागिरीजवळच्या गावात एकटा राहतो. पत्नी जाऊन चौदा महिने झाले. तिचं लोखंडी कपाट तसंच आहे. मुलगा-सून पुण्याहून दिवाळीला येतील, तेव्हा "आईचं कपाट रिकामं करू या, बाबा, तुम्हालाही मोकळं वाटेल" असं म्हणतात. मी एकदा उघडलं. वरच्या खणात पिवळी नारायणपेठ, दुकानाच्या पिशवीतच, तिला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. तिचं अक्षर. 'फॉल-पिको राहिलंय.' मी कपाट लावून घेतलं. बाकी घरही पसरलेलं असतं. ओटीवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या, वर्तमानपत्रं, न धुतलेले कप. शेजारी म्हणतात, मास्तर, तुम्ही असे नव्हता. मला काही होतंय का?

उत्तर: सर, तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या पत्रात त्या एकाच दमात आल्या आहेत. एक कपाट. दुसरी ओटी. कपाटाची मला काळजी वाटत नाही. ओटीची वाटते.

कपाट हा पसारा नव्हे. त्याचं दार लागलेलं आहे, ते कुणाच्या पायात येत नाही, कुणी अडखळून पडत नाही. ते दिवाळीला रिकामं व्हायला हवं असा नियम कुठेही नाही. मुलाला स्पष्ट सांगा, "कपाट मी सांगेन तेव्हा उघडायचं. तेव्हा तुम्ही दोघं हवे आहात, पण सांगणार मी." तोही आईला मुकलेला आहे. कदाचित रिकामं करण्याची घाई त्याला स्वतःच्या दुःखापोटी असेल. त्याला नको म्हणताना हे मनात असू द्या.

आता ओटी. शेजारी म्हणतात तुम्ही असे नव्हता, आणि मला वाटतं ते बरोबर सांगत आहेत. मला एक कळवा. वर्तमानपत्रं साठली आहेत ती वाचून साठली आहेत, की घडीसुद्धा न मोडता? कप कुणाचे? म्हणजे कुणी येऊन चहा घेऊन जातं, की सगळे तुमचेच? आंघोळ रोज होते का? रात्री जेवण शिजवता, की सकाळचंच थोडं खाऊन झोपता? बाजारात शेवटचं कधी गेलात? हे मी चौकशीच्या हौसेनं विचारत नाही. म्हातारपणातली उदासीनता पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ती कप न धुण्यातून दिसते. बाकावर बसलेल्या कितीतरी सुना मला म्हणाल्या आहेत, "ते काही बोलत नाहीत हो, फक्त आवरत नाहीत." 

जोडीदाराच्या दुःखाला मुदत नसते. पण वर्ष उलटून गेल्यावरही रोजचे साधे व्यवहार ठप्प असतील, तर आता डॉक्टरही त्याकडे वेगळं लक्ष देतात, आणि त्यावर उपचार आहेत. रत्नागिरीत मानसोपचाराची सोय आहे. दिवाळीला मुलगा येईल तेव्हा कपाटाऐवजी त्याच्याकडून हे काम करून घ्या. त्याला म्हणा, मला डॉक्टरांकडे घेऊन चल. त्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटेल.

तोवर रोज एक पेटी. ओटीवरून उचलायची आणि मागील दारी नेऊन ठेवायची, बस. बागवाल्या कुणाला लागत असतील तर त्याला सांगा, तो स्वतः येऊन नेईल, आणि येईल तेव्हा त्याला चहा करा. कप तेव्हा आपोआप धुतले जातील.

कपाटाबद्दल एवढंच. कधीतरी तुम्हाला वाटेल, पुढच्या वर्षी म्हणा किंवा त्याच्याही पुढच्या. तेव्हा आधी ठेवायचं काय ते तुम्ही एकट्यानं काढून घ्या. द्यायचं काय, ते नंतर. रोजच्या वापरातल्या सुती साड्या असतील तर त्यांची गोधडी शिवून घ्या. गावात शिवणाऱ्या बायका असतात, त्यांना साडी दिली की त्या विचारतात, कुठली वर घालू? त्याचं उत्तर तुम्हालाच देता येईल.

मात्र एक वस्तू दिवाळीआधी बाहेर काढा, असं मी सुचवते. ती नारायणपेठ. बाईंनी ती ठेवून द्यायला आणली नव्हती, नेसायला आणली होती, आणि एकच काम राहिलंय असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. टाचणी हळू काढा, चिठ्ठी तुमच्या पाकिटात ठेवा. साडी सुनेला द्यायची की बहिणीला, हे आत्ताच ठरवायची गरज नाही. फॉल मात्र लावून घ्या. दुकानात साडी घेऊनच जा. पिवळ्यात फार छटा येतात, नुसतं सांगून जुळत नाही.